कौसाबाई आपली मिरची बघायला निघाल्या

"जालन्याला? कशाला?"

साताऱ्यात मला हे निदान वीस जणांनी विचारलं असेल. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. सप्टेंबरात अख्खा महाराष्ट्र आमच्या कास पठारावर फुलं बघायला लोटतो, आणि ही बाई ऐन फुलांच्या दिवसांत साताऱ्यातून उठून जालन्याला निघाली! परत आल्यावर एकेकाला सांगून घसा सुकला, म्हणून आता लिहूनच काढते. मीही फुलंच बघून आले. फक्त जाताना ते मला ठाऊक नव्हतं.

मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार. आखल्याशिवाय मला साधी भाजी आणायला जाता येत नाही, तिथं निवृत्ती काय चीज! गुलाबी फोल्डर केला. पहिल्या पानावर माझी मूल्यं लिहिली: शिस्त, सेवा, स्वावलंबन. पुढच्या पानांवर उद्दिष्टं, एकूण अकरा. पहिलंच उद्दिष्ट असं, की ज्या बायकांची शाळा राहून गेली त्यांच्यासाठी वर्षातले सहा महिने कुठंतरी जाऊन वर्ग चालवायचा. आमच्या ह्यांनी फोल्डर शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "निवृत्त होतेयस का बदली करून घेतेयस?"

जालन्याची शमीम ही माझी जुनी मैत्रीण. पुण्याला एका प्रशिक्षणात आम्ही महिनाभर एका खोलीत राहिलो होतो, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. ती उर्दू शाळेत शिकवायची, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिच्या भावाचं वाटूरच्या अलीकडं मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट आहे, तिथं तीस-चाळीस बायका एकत्र कामाला असतात, असं ती फोनवर म्हणाली. मी लगेच कान टवकारले. तीस-चाळीस बायका म्हणजे आयता वर्गच की! "ये, पहिले बघ, मंग ठरव," शमीम म्हणाली. आठवड्याची रजा टाकली आणि निघाले.

जालना

शमीमच्या घरी पोचले तेव्हा सकाळची खिचडी तयार होती. मसूरची पिवळी खिचडी आणि त्याबरोबर खट्टा, म्हणजे चिंचेचं, तिळाचं पातळ आंबट कालवण. आमच्याकडे खिचडी रात्रीची आणि तीही आजाऱ्याची. इथं लोक सकाळी सकाळी ताटभर खिचडी खाऊन कामाला लागतात. पहिल्या घासाला मी जरा बिचकले. तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा शमीम हसायला लागली.

मी फोल्डर काढला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला.

"अकरा कामं? सुनंदा, इतकी तर मी नोकरीत बी केली न्हाई."

"मग तू निवृत्तीचं काय ठरवलं होतंस?"

"सकाळी उशिरा उठायचं. बराबर पूर्ण होऊन राह्यलं," असं म्हणून तिनं मला मोसंबी सोलून दिली. जालन्याची मोसंबी गोड असते हे ऐकून होते. पण ती इतक्या निवांतपणे खायची असते हे मला नवीन होतं. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मी डबासुद्धा उभ्यानं खाते.

जाळीत

दुसऱ्या दिवशी वाटूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, अधूनमधून काळीभोर मोकळी जमीन, आणि आभाळ एवढं मोठं की डोंगरांची सवय असलेल्या माझ्यासारखीला जरा उघड्यावर आल्यासारखं वाटलं. शमीमच्या भावाच्या शेतात कमानीवर पांढरी जाळी ताणलेली होती. आमच्या शाळेचं पटांगण त्यात दोनदा मावलं असतं.

जाळीला दोन पडदे असतात. पहिला लावून घ्यायचा, मधल्या हातभर जागेत उभं राहायचं आणि मगच दुसरा उघडायचा. शमीमनं हे मला दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा "हो हो, कळलं" म्हटलं. मुलींचं असलं "हो हो" मी चौतीस वर्षं ऐकत आले आहे. त्याचा अर्थ काय असतो ते मला चांगलं माहीत आहे. मी फोल्डर काखेत मारून झरझर आत शिरले. मागचा पडदा लोंबकळत राहिला.

आत पोचते न पोचते तोच ओरडा झाला, "माशी! माशी आली!"

साप निघाला असता तरी एवढी धावपळ झाली नसती. एवढ्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून उठल्या. कुणी पदर झटकतंय, कुणी टोपली घेऊन धावतंय. आली होती एक मधमाशी. एकच! पन्नाशीच्या एका किडकिडीत बाईंनी ती पदरात अलगद धरली, दाराशी नेली आणि बाहेर सोडली. "जा बाई," त्या माशीला म्हणाल्या, "तुझं हितं काम न्हाई. तुझंच काम आम्ही करून राह्यलो."

मग पडदा नीट लावून माझ्याकडं वळल्या. "कोण हो ह्या?"

"साताऱ्याच्या मुख्याध्यापिका," शमीमनं सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझी अशी फजिती नोकरीत कधी झाली नव्हती. त्या बाई म्हणजे कौसल्याबाई. सगळे त्यांना कौसाबाई म्हणत.

त्या जाळीत काय चालतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिथल्या रांगांमधली गुडघ्याएवढी, छत्रीसारखी पसरलेली सगळी झाडं म्हणजे आई. बाप वेगळ्या जातीचा, दुसऱ्या जाळीत. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच चिमट्यानं उघडायची आणि आतले निळसर पुंकेसर फुटायच्या आत खुडून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या फुलांची वाळवून काढलेली पावडर त्या फुलाच्या कुक्षीला लावायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. त्या फळातलं बी म्हणजे दोघांचं मूल, संकरित बियाणं. पुंकेसर काढायला उशीर झाला तर फूल आपलं आपणच फळतं. बी दिसायला तसंच, पण त्यातून नुसती आईच उगवते. असं बी जास्त निघालं, किंवा एखाद्या माशीनं भलताच पराग आणून लावला, की सगळा माल भेसळीचा ठरतो.

आणि हे प्रत्येक फुलाला, एकेका फुलाला हातानं करायचं! अख्ख्या जाळीत जेवढी फुलं तेवढ्या वेळा!

मी वीस वर्षं विज्ञान शिकवलंय. फुलाची आकृती मी डोळे मिटून काढीन. पण मिरचीची कळी स्वतःच्या हातानं कधी उघडलेली नव्हती. ती ज्वारीच्या दाण्यापेक्षा जराशीच मोठी असते. कौसाबाईंनी मला चिमटा दिला. सहा कळ्या उघडल्या, त्यातल्या पाचांची कुक्षी मोडली. त्यांनी त्या पाचही काढून टाकल्या.

"बाई, तुमचा हात लई तापट हाय," त्या म्हणाल्या.

शेजारच्या रांगेतल्या बाईचा हात बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले. कळी, चिमटा, पुढची कळी. गप्पाही चालूच. एक कुक्षी मोडत नव्हती. मी खरं सांगते, एवढं नेमकं काम मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही. काखेतला फोल्डर मी हळूच पिशवीत सारला.

दुपारी लिंबाखाली भाकरी सुटल्या. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. आमच्याकडेही ठेचा असतो, पण इथल्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदम पाणी काढलं. बायकांना ते फार आवडलं. तेवढ्यात मी वर्गाचा विषय काढलाच. खोड कुठली जायला!

"शिकवा की," कौसाबाई म्हणाल्या, "पर दुपारी कळ्या थांबत न्हाईत आन् सकाळी फुलं. संध्याकाळी चूल थांबत न्हाई. तुमी मधी कुटं बसनार?"

 मी वर्ग बाजूला ठेवला आणि त्यांना त्यांच्याबद्दल विचारलं. तर कळलं, त्या अठरा वर्षं हे काम करतायत आणि हा त्यांचा शेवटचा हंगाम. कुणी काढलं नव्हतं त्यांना. जवळचं दिसेनासं झालं, चष्म्यावर जाळीतल्या दमटपणानं सारखं धुकं येतं; म्हणून हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच शमीमच्या भावाला सांगून टाकलं होतं. ऑक्टोबरअखेर फुलांचं काम संपतं. म्हणजे आम्ही दोघी एकाच महिन्यात निवृत्त होणार होतो!

"मग पुढं काय करायचं ठरवलंय?" मी अगदी मुलाखत घेतल्यासारखं विचारलं.

"पुढचं पुढं. पर त्याच्या आधी माजी मिरची पाह्यची हाय."

मला कळेना. समोर मिरचीच मिरची तर होती.

"ही न्हवं हो. ही आई हाय. अठरा वर्सं आम्ही आईला बापाची पावडर लावून राह्यलो. फळ पिकतं, बी निघतं, गाडी येती, घिऊन जाती. त्या बियाचं झाड कसं होतं, म्या कधी पाह्यलंच न्हाई. कुनीच पाह्यलं न्हाई. आमाला नुस्ता नंबर ठावं."

 अठरा वर्षं! हजारो-लाखो झाडं ह्या बाईच्या बोटांतून जन्माला आली, कुणाकुणाच्या शेतात उभी राहिली, आणि हिनं त्यातलं एकही पाहिलं नाही.

"मग आजवर गेला का नाहीत?"

"कशी जाऊ? तिकडं मिरची उभी असती तवा मी जाळीत. जाळीतून सुटले की तिकडची मिरची खलास. आन् खरं सांगू का बाई, पहिले माजी रांग दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ वाटत नव्हती." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता माज्याच हाती देऊ वाटत न्हाई."

गेली सहा वर्षं फक्त ह्याच जाळीत ह्या आई-बापाचं बियाणं चाललं होतं, पण पुढच्या वर्षी बियाण्याची कंपनी नवा नंबर, म्हणजे नवी जोडी देणार होती. मग ही आईही राहणार नाही आणि बापही नाही. लेकरू ओळखायचं तर दोघं डोळ्यांत ताजे आहेत तोवर, म्हणजे ह्याच महिन्यात. बियाणं कुठं जातं हे कंपनी सांगत नाही, पण एकदा कंपनीचा माणूस बोलता बोलता बोलून गेला होता, "भोकरदनकडं लई चालतंय." कौसाबाईंपाशी एवढाच पत्ता होता.

"उद्याच निघायचं," मी जाहीर केलं. असले हुकूम मला छान जमतात. कौसाबाई हो-नाही करत होत्या, पण बाकीच्या बायकांनी त्यांची रांग आपापसात वाटूनही घेतली. मी मात्र निघता निघता अजून एक शहाणपणा केला. म्हटलं, आईची एक आणि बापाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊ, म्हणजे तिथं पडताळता येईल.

कौसाबाईंचा चेहराच बदलला. "त्ये चोरी हाय बाई. कंपनीचा वान जाळीभाईर न्यायचा न्हाई. समदं डोळ्यात हाय माज्या."

मूल्यांची यादी फोल्डरमध्ये घेऊन फिरणारी मी! कान धरायला दोन्ही हात मोकळे होते, पण तेवढा मोठेपणा दाखवला नाही. "बरं," एवढंच म्हटलं.

भोकरदनकडं

रात्री जालन्याला शमीमकडे मुक्काम करून सकाळी आम्ही दोघी भोकरदनच्या एसटीत बसलो. शमीम आली नाही. तिचं उशिरा उठायचं उद्दिष्ट होतं ना. वाटूर जिल्ह्याच्या एका टोकाला, भोकरदन दुसऱ्या. कौसाबाईंनी खिडकी धरली आणि कपाशी, मका, बांधावरची झाडं सगळं वाचत निघाल्या. लांबचं त्यांना माझ्यापेक्षा दुप्पट चांगलं दिसत होतं.

त्यांच्या वडलांची मेंढरं होती. ते त्यांना घेऊन पाऊसकाळ संपला की गावोगाव हिंडायचे. "माजा बाप दुसऱ्याच्या कळपात गेलेलं कोकरू नुस्तं बघून काढायचा," त्या सांगत होत्या. "म्हनायचा, आईचं तोंड आन् बापाची चाल ध्येनात ठेवली की लेकरू चुकत न्हाई. मी तेच करनार."

"आणि नाही सापडली तर?"

"मंग न्हाई सापडली," असं म्हणून त्यांनी मान परत खिडकीकडं वळवली. पण हातातली पिशवी त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. 

भोकरदनहून जीपनं पिंपळगाव रेणुकाईला गेलो; तिथला मिरचीचा बाजार मोठा. जीपमधून उतरल्या उतरल्या मी सलग सात शिंका दिल्या. जमिनीवर हिरव्यागार मिरचीचे ढीग, पोती, ट्रक, आरडाओरडा. कौसाबाई एकेका ढिगापुढं उभ्या राहायच्या, मूठभर मिरच्या उचलून हात लांब करून बघायच्या, देठ फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. असे पंधरा-वीस ढीग झाले. एका व्यापाऱ्याला राहवलं नाही. "मावशी, मिरची घ्यायची हाय का पोरीसाठी पोरगा पाह्यचाय?"

"लेकरूच पाह्यला आल्ते," कौसाबाई न हसता म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

बाजार निम्म्यावर आला तेव्हा माझा धीर सुटला होता. त्या मात्र एका लहानशा ढिगाशी थांबल्या. एक मिरची उचलली, दुसरी उचलली. "हा देठ बापाचा हाय," पुटपुटल्या. मग ढिगाच्या मालकाला म्हणाल्या, "भाऊ, ह्याचं झाड दाखवता का?"

मालक म्हणजे रंगनाथभाऊ, जवळच्याच वाडीचे शेतकरी. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. माझा चष्मा, कडक इस्त्रीची साडी, काखेत पुन्हा फोल्डर! "म्याडम, आपन कंपनीच्या का सरकारी?" ते सावध होऊन म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा मुख्याध्यापिका असल्याचं सांगायला घाबरले. शेवटी कौसाबाईंनीच सगळं सांगितलं. जाळी, आई, बाप, अठरा वर्षं.

रंगनाथभाऊ ऐकत राहिले. "म्हंजे हे बी तुमी केलं?"

"केलं असंल. झाड पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

त्यांनी ढीग विकला आणि आम्हाला आपल्या गाडीतून शेतावर नेलं.

रंगनाथभाऊंचं शेत

शेत थोडं उताराचं होतं. मिरची कमरेएवढी वाढली होती, झाडाझाडाला फळं लगडलेली. कौसाबाई चपला बांधावर काढून आत गेल्या. मीही काढल्या. का काढल्या ते मला सांगता येणार नाही.

त्यांनी पहिल्या झाडाला हात लावला नाही, आधी नुसतं बघितलं. मग फांदी जिथं फुटते तिथलं पेर बोटानं चाचपलं. तिथं जांभळी छटा होती. "ही जांभळी गाठ बापाची. आईची गाठ हिरवी असती." पानं उलटली. फांद्यांचा पसारा पाहिला. दुसरं झाड, तिसरं झाड. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"हीच ना?" मला दम निघेना.

"वाटतंय खरं," त्या हळूच म्हणाल्या. "पर बाई, जांभळी गाठ लई वानाला असती. नुस्तं वाटून काय व्हतंय?"

रंगनाथभाऊंनी झोपडीतून बियाण्याचं रिकामं पाकीट शोधून आणलं. त्यावर चकचकीत नाव होतं आणि चित्र होतं. जाळीतला नंबर कुठंच नव्हता. कौसाबाईंनी ते चित्र हात लांब करून पाहिलं आणि मला परत दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या लांब येऊन, मिरचीच्या मधोमध उभं राहून, आपली का परक्याची हे कळत नव्हतं.  मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी डोळे पुसले आणि शेतभर एक नजर टाकली. आणि एकदम ताठ झाल्या.

"भाऊ, त्ये काय?"

"कुटं?"

"तिकडं, चवथ्या रांगंत. बुटकं."

मला काही दिसलं नाही. रंगनाथभाऊंनाही चटकन दिसलं नाही. "हां, ते व्हय! एक झाड असंच खुजं निघालं. मी म्हनलं मुळीला काई लागलं असंल."

कौसाबाई चालायला लागल्या होत्या. चालणं कसलं, पळतच होत्या. मी साडी सावरत मागं. ते झाड गुडघ्याएवढंच होतं, छत्रीसारखं पसरलेलं, फळं आखूड आणि बोथट. त्या समोर बसल्या. पेर चाचपलं. हिरवं! दुसरं पेर. हिरवं! आता मीसुद्धा ओळखलं. काल दिवसभर मी अशाच झाडांमध्ये उभी होते, अशाच झाडाच्या पाच कळ्या मी मोडल्या होत्या.

"आई हाय ही!" कौसाबाई म्हणाल्या. "ही आमच्या जाळीतली आई हाय!"

ती आई त्या जाळीखेरीज दुसरीकडं कुठं असायचं कारणच नव्हतं. गेल्या वर्षी कधीतरी एका कळीतले पुंकेसर काढायला उशीर झाला असणार. त्या एका फळातलं एक बी इतकं लांब येऊन इथं उगवलं होतं. ही इथं होती, म्हणजे भोवतालचं सगळं शेत त्याच जाळीतलं. चुकलेलं एक झाड बाकीच्या सगळ्यांची साक्ष देत उभं होतं. मी थक्क होऊन त्या शेताकडं बघत राहिले. कासची फुलं मी दर वर्षी बघते, पण इतकं भारावून मी कधी उभी राहिले नव्हते.

आणि कौसाबाई? त्या आनंदानं नाचतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि रंगनाथभाऊंसमोर हात जोडले.

"भाऊ, ही चूक आमची हाय. गेल्या साली माजं डोळं दगा द्यायला लागल्ते. माज्याच रांगंतली असंल. तुमची येका झाडाची जागा वाया गेली. माफ करा."

रंगनाथभाऊ गडबडून गेले. मोठा धिप्पाड माणूस, त्यांना हात कुठं ठेवावे कळेना. "ओ मावशी, काय करून राह्यल्या तुमी! हात खाली करा. आवो, इतकी वर्सं झाली मिरची लावून राह्यलो, इतकी झाडं बराबर आली, त्याचं सांगाया कुनी आलं न्हाई. आन् तुमी येका झाडासाठी माफी मागाया आल्या?"

मग कौसाबाई हसल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. "आता पक्कं झालं हो. समदी माजी हाय!" असं म्हणून त्या रांगेतून निघाल्या आणि जाता जाता प्रत्येक झाडाला हात लावत गेल्या. एक झाड सोडलं नाही. आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो. रंगनाथभाऊंनी दोनदा उपरण्यानं तोंड पुसलं. मी तर सरळ रडत होते.

बऱ्याच वेळानं त्या येऊन माझ्याशेजारी बसल्या, पाणी प्यायल्या. मी म्हटलं, "कौसाबाई, धन्य आहे तुमची. मी निवृत्तीची एवढी आखणी केली, अकरा उद्दिष्टं लिहिली, सगळी पुढची. आपण केलेल्या कामाचं काय झालं ते जाऊन बघावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

"तुमाला काय, तुमच्या पोरी भेटायला येत असतील की."

"येतात ना!" मी खुलले. एक डॉक्टर आहे, दोघी तहसीलला आहेत, एक पोलिसात, एक माझ्याच शाळेत शिकवते. मी नावं घेत सुटले. कौसाबाईंनी सगळं कौतुकानं ऐकून घेतलं.

"चांगलं हाय. ह्या झाल्या बराबर आलेल्या," त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "आन् येखादी आपल्या हातून चुकलेली? ती पाह्यली का?"

 मला एक नाव आठवलं. आठवायला क्षणही लागला नाही, म्हणजे ते इतकी वर्षं तिथंच असणार.

निर्मला. नववीत माझ्याच वर्गात होती. आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा आली म्हणून मी तिला सगळ्या शाळेसमोर प्रार्थनेला उभं केलं आणि घरी पाठवलं. शिस्त म्हणजे शिस्त. ती परत आली नाही. पुढं कळलं की आई अंथरुणाला खिळली होती आणि घरचं सगळं उरकून ती चार मैल चालत यायची. मला ते कळल्यावरही मी तिच्या घरी गेले नाही. दाखल्यावर वर्गशिक्षिका म्हणून सही केली आणि पुढच्या कामाला लागले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. त्या बांधावर बसून कौसाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला धीर दिला नाही, की बोल लावला नाही. "घर ठावं हाय ना?" एवढंच विचारलं.

ठाऊक होतं, सासरचंही.

साताऱ्याला परत आले तेव्हा रजेचा एक दिवस उरला होता. त्या दिवशी सकाळी मी निर्मलाच्या गावची एसटी धरली. ती आता चाळिशीची आहे. अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघितल्याबरोबर तिनं हातातलं लुगडं बादलीत टाकलं, पदर सारखा केला आणि लहानपणी उभी राहायची तशी सरळ उभी राहिली.

"बाई, तुम्ही? माझं काही चुकलं का?"

मी तिच्यासमोर हात जोडले.